तीनशे नंबरचा बगळा

एक

बुधवारी सकाळी आठ वाजता तीनशे नंबरच्या विमानावरची ताडपत्री ओढली, तेव्हा डाव्या शेपटावरचा बगळा गायब झालेला होता.

उजव्या शेपटावरचा होता तसाच होता. निळी मान, पिवळी चोच, मागे पसरलेली पिसं, सगळं चकचकीत. डाव्या बाजूला मात्र तळापासून टोकापर्यंत राखाडी रंग मारलेला होता आणि खालच्या कोपऱ्यात हातभर उंचीचं एक काळं खेचर छापलेलं होतं.

विमानवाहू जहाजावरच्या कुठल्याही स्क्वॉड्रनची बारा विमानं घ्या, त्यातली अकरा राखाडी असतात. शेपटावर दोन पुसट अक्षरं, फार तर एखादं पुसट चिन्ह, आणि नाकावर नंबर, बाकी काही नाही. रंगाची मुभा एकाच विमानाला, ज्याच्या नंबरात दोन शून्यं असतात त्याला. सगळ्या स्क्वॉड्रनची मिरवायची हौस त्या एका विमानाच्या शेपटांवर भागवली जाते. बगळेवाल्यांचं ते विमान म्हणजे तीनशे. सात महिन्यांची सफर संपत आली होती. उद्या सकाळी विमानं जहाजावरून उडून व्हर्जिनियात घरी जाणार होती, आणि धावपट्टीच्या कडेला बायकामुलं कॅमेरे घेऊन उभी राहणार होती.

"एरवी मी हसलो असतो," कमांडर लिंडक्विस्ट म्हणाले. ते बगळेवाल्यांचे प्रमुख, आणि उद्या तीनशे तेच उडवणार होते. "त्या दुसऱ्या स्क्वॉड्रनच्या खेचरवाल्यांनी आमच्या विमानावर खेचर छापायचं, आम्ही त्यांच्या ट्रॅक्टरवर बगळा छापायचा, हे चालतंच. पण चीफ, हा बगळा काढायला नऊ दिवस लागले होते. ही थट्टा नाही, नासधूस आहे."

चीफ डेल्फीन आर्सेनो जहाजाच्या पोलीस खात्यातली. लुइझियानाची, सव्वीस वर्षं नोकरी झालेली. समोरच्या माणसाचं बोलणं संपलं तरी ती आणखी थोडा वेळ गप्प राहायची. त्यामुळे लोक उगाचच आणखी काहीतरी बोलून जायचे.

कमांडरही बोलले. "खेचरवाले कानांवर हात ठेवतायत. रंग, फवारा आणि खेचराचा छाप, तिन्ही आमच्याच रंगखोलीच्या कपाटातले आहेत. कुलूप फोडलेलं नाही. किल्ली आमची रंगारी ओडालिस कांतेरो हिच्या गळ्यात असते."

"दुसरी किल्ली?"

"देखभालीच्या कचेरीत, फळीवर. तिथे चोवीस तास माणूस बसलेला असतो. आणि कांतेरोला माझ्यावर राग काढायला कारणही आहे. मागच्या बंदरात तिनं घरी जायला रजा मागितली होती, मी नाही म्हटलं."

"बगळा काढला कुणी होता?"

"तिनंच," कमांडर म्हणाले, आणि जरा अडखळले. "म्हणूनच जास्त राग येतो. दोन वाजता माझ्यासमोर पेशी आहे. तिची हुद्द्याची पट्टी जाईल, आणि किनाऱ्यावरची नेमणूकही. तोवर तिच्याकडून कबुली आणा म्हणजे झालं."

चीफनं घड्याळ पाहिलं. नऊला दहा कमी होते.

दोन

रंगखोली म्हणजे हँगरच्या कडेला एक चिंचोळा कप्पा. ओडालिस कांतेरो तिथं उलट्या बादलीवर बसली होती. वय सव्वीस, टॅम्पाची, नखांच्या कडांना कायमचा निळा रंग. किनाऱ्यावरची नेमणूक मिळाली तर ती आईच्या घरापासून अर्ध्या तासावर राहणार होती, आणि त्या घरात तिची पाच वर्षांची मुलगी होती. मुलीनं आईला गेल्या तीन वर्षांत मिळून पाच महिने पाहिलेलं होतं. हे सगळं चीफला कागदांवरून ठाऊक होतं. ओडालिसनं त्यातलं अक्षरही काढलं नाही.

"तू केलंस?"

"नाही."

"मग कुणी?"

"मला काय माहीत, चीफ?"

"कपाट तुझं, छाप तुझ्या कपाटातला. खेचरवाल्यांचा छाप तुझ्याकडे कशाला?"

"मीच पुठ्ठ्यातून कापला ना. त्यांच्या रंगाऱ्याचा हात अगदीच वाईट आहे. त्यांच्या चार विमानांची शेपटं मीच करून दिली, ऑगस्टमध्ये. बदल्यात त्यांनी आम्हांला कॉफीयंत्र दिलं."

"कॉफीयंत्र चांगलं आहे?"

"भंगार आहे," ओडालिस म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

चीफ गप्प राहिली. पण ही पोरगी गप्प बसण्यात तिच्याही वरचढ निघाली. शेवटी चीफनं वही पुढे केली. पानावर तिनं विमानाचं शेपूट काढून आणलं होतं, नाक कुठल्या बाजूला ते बाणानं दाखवून.

"यावर खेचर काढ. त्यांच्या विमानावर असतं तसं."

"कशाला?"

"माझी चित्रकला कच्ची आहे."

ओडालिसनं पेन्सिल घेतली. क्षणभर ती कागदापाशी थांबली. मग तिनं मान वर न करता भराभर खेचर काढलं. लांब कान, हवेत उडालेले मागचे पाय, आणि तोंड विमानाच्या नाकाकडे. तीनशेवर छापलेलं होतं अगदी तसंच.

"पेशीला माझ्या शेजारी कोण उभं राहणार?" तिनं विचारलं. पेशीत आरोपीच्या शेजारी त्याचा वरिष्ठ उभा राहतो आणि त्याच्याबद्दल दोन शब्द सांगतो.

"सीनियर फोगल."

"बरं," ओडालिस म्हणाली. एवढं एक उत्तर ऐकून तिचे खांदे सैल पडल्यासारखे चीफला वाटले. पट्टी जायची वेळ आलेल्या माणसाला दोन शब्दांचा इतका आधार का वाटावा, ते तिला समजलं नाही.

तीन

हार्लन फोगल बगळेवाल्यांच्या देखभालीचा मुख्य. विमान कुठं उभं राहील, कशाला हात लागेल, कुठला भाग कधी बदलेल, सगळं त्याच्या कचेरीतून ठरायचं. येत्या जूनमध्ये निवृत्त होणार होता. चीफ आणि तो सात महिने एकाच टेबलावर जेवत होते.

"ये डेल्फीन. तुझ्या त्या चिकोरीच्या कडू कॉफीचा वास जिन्यापासून येतो बघ."

"तुमच्या कॉफीयंत्रापेक्षा बरी असते म्हणे."

"ओडालिसनं सांगितलं वाटतं?" फोगल हसला आणि लगेच गंभीर झाला. "पोरगी चांगली आहे गं. सहा वर्षांपूर्वी तिला नौदलातून काढतच होते. पोटात मूल, नवऱ्याचा पत्ता नाही, कामावर उशिरा यायची. मी कमांडरसमोर उभा राहिलो आणि सांगितलं, हिला माझ्या हाताखाली द्या. ब्रश धरायला मीच शिकवलं. तरुणपणी मीही रंगखोलीतच होतो."

"मग तिनं हे केलं असेल?"

फोगलनं खुर्ची मागे ढकलली. "खेचरवाल्यांनी केलं असेल. छाप चोरला असेल. पोरांचा चावटपणा आहे, कमांडरनी उगाच राईचा पर्वत केलाय. मला वाटलं होतं, हसून सोडून देतील."

"तुमची फळीवरची किल्ली?"

"आहे की, ती बघ." किल्ली खिळ्याला लटकत होती. "ती हलली तर मला दिसते. मंगळवारी मी दिवसभर इथंच होतो."

चीफनं वही उघडून नवं पान पुढे केलं. "खेचर काढा जरा."

"हा काय बालवाडीचा वर्ग आहे?" असं म्हणत त्यानं काढलं. हात सराईत होता. तोंड नाकाकडे. वर त्यानं पेन्सिलनं कागदावर टिचकी मारली. "एक तुला फुकटात शिकवतो. विमानावरचा कुठलाही प्राणी नाकाकडेच बघणार. डावी बाजू असो की उजवी, छाप उलटा करायचा पण तोंड पुढे. मागे बघणारा प्राणी म्हणजे पळून जाणारा प्राणी. ओडालिसनं पहिला बगळा मागे तोंड करून काढला होता, तेव्हा मी तिच्या बोटांवर पट्टी मारली होती."

"पेशीत काय सांगणार आहात तिच्याबद्दल?"

"जे सांगण्यासारखं आहे ते." तो बाहेर हँगरकडे बघत म्हणाला.

चार

खेचरवाले हँगरच्या दुसऱ्या टोकाला होते. त्यांचा लेफ्टनंट ब्रिसबुआ वैमानिक होता, आणि आजवरच्या बहुतेक वात्रटपणांचा धनीही. सफरीवर वाढवलेली त्याची मिशी दोन्ही बाजूंनी वर वळलेली होती आणि ती तो सारखी चाचपत होता.

"आम्ही नाही केलं, चीफ. केलं असतं तर सांगितलं असतं. सांगण्यातच तर मजा असते!"

"आणि केलं असतं, तर बगळा असा पुसून टाकला असतात?"

"पुसायचं कशाला? बगळ्याच्या पाठीवर खेचर बसवलं असतं. बगळा दिसलाच नाही, तर बगळेवाल्यांचं नाक कापलं हे कळणार कुणाला?"

चीफला हे पटलं. सकाळपासून तिला तेच खुपत होतं. थट्टा करायची त्याला चार रेघांत काम भागतं. इथं कुणीतरी आख्खं शेपूट निगुतीनं रंगवलं होतं आणि खेचर मात्र घाईघाईत कोपऱ्यात उमटवलं होतं. रंगाचं काम महत्त्वाचं आणि खेचर नुसतं नावापुरतं, असा सगळा कारभार होता.

तिनं वही त्याच्यापुढे टाकली. ब्रिसबुआनं दोन्ही चित्रं पाहिली आणि खो खो हसला.

"हे काय? हे कुठलं खेचर?"

"तुमचंच."

"आमचं? चीफ, सात महिने झाले, दिवसातून चार वेळा आमच्या विमानांखालून जाता तुम्ही. चला, वर बघा."

तो तिला दंडाला धरून बाहेर घेऊन गेला. त्यांच्या सगळ्यात जवळच्या विमानाच्या शेपटावर राखाडीवर गडद राखाडी असं पुसट खेचर होतं. चीफनं मान वर करून पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

खेचराचं तोंड मागच्या बाजूला होतं. पुढे, नाकाच्या दिशेनं, होते त्याचे मागचे पाय.

"खेचर लाथ मागच्या पायांनी मारतं," ब्रिसबुआ म्हणाला. "शत्रू समोर असतो. मग खेचराचं ढुंगण कुठं हवं? समोर! ज्यांनी स्क्वॉड्रन काढलं त्यांनी मुद्दाम तसं ठरवलं. जगभरचे प्राणी नाकाकडे बघतात, आमचं तेवढं नाही. तीनशेवर आहे ते आमच्यातल्या कुणी छापलं असेल, तर ही मिशी आत्ता उतरवतो."

चीफनं मिशीकडे पाहिलं. "राहू द्या लेफ्टनंटसाहेब. घरी बायको काय ते बघेल."

म्हणजे खेचर छापणारा खेचरवाला नव्हता. प्राण्यांचं तोंड पुढेच असतं असं हाडीमासी खिळलेल्या माणसानं छाप सवयीनं उलटा करून लावला होता. पण एवढ्यानं तो कोण ते ठरत नव्हतं. साडेअकरा वाजले होते.

पाच

ती परत तीनशेपाशी गेली आणि शिडी मागवली.

खेचराचा विचार तिनं बाजूला ठेवला. रंगाचं काम महत्त्वाचं होतं, तर रंगाखाली काहीतरी असलं पाहिजे. तिनं बॅटरी पेटवली आणि पृष्ठभागाला चिकटवून आडवी धरली. सात महिन्यांत बगळ्यावर ओडालिसनं कितीतरी हात दिले होते. खाऱ्या वाऱ्यानं रंग उडायचा, ती पुन्हा लावायची. त्या थरांच्या कडा राखाडीखालूनही उठून आल्या होत्या. आडव्या उजेडात चोच दिसली, मान दिसली, छातीही दिसली. चीफनं त्या कडेवरून नख फिरवलं. नख अडकत होतं.

शेपटाच्या मागच्या कडेला रडर असतो, विमान वळवणारी उभी हलती झडप. बगळ्याची पिसं त्या रडरवर पसरलेली असायची. उजव्या शेपटावर ती अजून होती. चीफनं डाव्या रडरवर बॅटरी धरली.

काहीच दिसलं नाही. तिनं वरपासून खालपर्यंत नख फिरवलं. नख काचेवरून जावं तसं सरळ घसरत गेलं. मग तिनं पुन्हा एकदा फिरवलं, कारण पहिल्यांदा स्वतःवर विश्वास बसला नाही.

या रडरवर पिसं कधी काढलेलीच नव्हती.

शिडीवर उभ्या उभ्या तिला सगळा उलगडा होत गेला. तीनशेचा रडर कुणीतरी काढून नेला होता आणि दुसऱ्या विमानाचा साधा राखाडी रडर तिथं बसवला होता. तसाच ठेवला असता तर शेपटावर अर्धा बगळा दिसला असता, पुढं चोच आणि मागं कोरं. नवी पिसं काढायला ओडालिस लागली असती, आणि तिनं विचारलं असतं की रडर का बदलला. म्हणून उरलेला बगळाही पुसला, आणि पुसायला कारण पाहिजे म्हणून खेचर छापलं.

रडर बदलणं हा गुन्हा नाही, रोजचं काम आहे. पण त्याचा कागद होतो, आणि बसवल्यावर तिघांनी तपासून सह्या करायच्या असतात. तीनशेची वही चीफनं सकाळीच चाळली होती, तीत या आठवड्यात एकही नोंद नव्हती. तो रडर घेऊन कमांडर लिंडक्विस्ट उद्या सकाळी जहाजाच्या टोकावरून हवेत फेकले जाणार होते.

खाली उतरल्यावर ती बगळेवाल्यांच्या बाकीच्या अकरा विमानांभोवती नखं घासत फिरली. लोक बघत होते, तिनं लक्ष दिलं नाही. सर्वांत शेवटचं, तीनशे अकरा, हँगरच्या अगदी कोपऱ्यात होतं. त्याचं इंजिन काढलेलं होतं. ते उद्या उडणार नव्हतं, बंदरात क्रेननं उतरवणार होते. त्याच्या डाव्या रडरचा राखाडी रंग जरा जास्तच ताजा होता.

नख अडकलं. एक पीस, दुसरं, तिसरं. आणि त्यांच्या टोकाला, रडरच्या कडेला, वीतभर लांबीचा चेपलेला भाग लुकणानं भरून गुळगुळीत केलेला होता.

सहा

"हो, आम्हीच बदलला," ओकाफर म्हणाला. तो सांगाड्याच्या कामावरचा कारागीर, जेवणाच्या रांगेत उभा होता. "मंगळवारी. जेवायला टाको होते त्या दिवशी, आमचे गार झाले. मी आणि विलोबीनं तीनशे अकराचा काढून तीनशेला लावला, तीनशेचा तिकडे लावला. काही चुकलं का, चीफ?"

"कागद?"

"सीनियर म्हणाले, कागद माझ्याकडे आहेत, तपासणी मी करतो, तुम्ही हात चालवा. ते म्हणाले म्हणजे झालं."

"मग सकाळी सांगितलं का नाहीस?"

ओकाफरनं ट्रे हातात तोलला. "सकाळी सगळ्यांनी रंगाचं विचारलं. रडरचं कुणी विचारलंच नाही. आम्ही ताडपत्री घातली तेव्हा पुढचा बगळा होता ना जागेवर!"

चीफ एका रिकाम्या टेबलाशी बसली आणि वही उघडली. दोन चित्रं, दोन्ही चुकलेली. फोगलचं चुकणं बरोबर होतं. त्याचा नियम त्याच्या हातात भिनला होता.

पण ओडालिसचं चित्र का चुकलं?

छाप तिनं कापला होता. ऑगस्टमध्ये चार विमानांवर खेचराचे पाय पुढे करून तिनंच बसवले होते. सगळ्या जहाजावर जिची चूक होणं शक्य नाही अशी ती एकटी होती. पेन्सिल क्षणभर थांबली होती, ते चीफला आता आठवलं. तीनशेवरचं उलटं खेचर बघताक्षणी ओडालिसला कळलं होतं की ही चूक कुणाची. बरोबर खेचर काढलं असतं तर चीफनं लगेच विचारलं असतं की मग तीनशेवरचं असं का. म्हणून तिनं जाणूनबुजून खोटं काढलं, आणि तोंडाला कुलूप लावलं.

चीफला एकदम राग आला. कुणाचा, ते तिला नीट ठरवता येईना. एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

सात

फोगलनं पेशीसाठी इस्त्रीचा गणवेश चढवला होता. चीफनं कचेरीचं दार लावून घेतलं आणि टेबलावर वही ठेवली.

"हँगरच्या नोंदीत तीनशे सोमवारी हलवल्याचं दिसतं. तेव्हा काय झालं, हार्लन?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि मग तिच्या नखांकडे पाहिलं. त्यांत राखाडी रंग भरला होता.

"कुठवर पोचलीस?"

"तीनशे अकराच्या पिसांपर्यंत."

तो खाली बसला. बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला. "माणसं कमी होती. शेपटाच्या बाजूला माणूस उभा करायचा असतो, मी म्हटलं मीच बघतो दोन्हीकडे. वर टांगलेल्या इंधनटाकीची कड लागली. आवाजसुद्धा झाला नाही गं. ट्रॅक्टरवाल्याला कळलंही नाही."

"कळवायचं होतंत."

"दोनशे बारा दिवस एकही अपघात नाही! या पोरांनी रात्रंदिवस मर मर करून कमावलेलं ते. आणि शेवटच्या आठवड्यात घाण केली कुणी, तर मी. सव्वीस वर्षं झाली, जूनमध्ये जायचं. म्हटलं, तीनशे अकरा बंदरात उतरलं की तिथं चेपलेला रडर 'सापडेल', कुणाच्या नावावर पडणार नाही. थट्टा म्हणून सगळे हसतील आणि विसरतील."

"कमांडर हसले नाहीत."

"नाही."

"आणि तुम्ही गप्प राहिलात."

फोगलनं टोपी टेबलावर ठेवली.

"उद्या तो रडर घेऊन माणूस उडणार होता."

"मी स्वतः तपासलाय. एक एक खिळा."

"शेपटाकडेही तुम्ही स्वतःच बघत होतात," चीफ म्हणाली.

चीफनं दार उघडलं. "दोन वाजता कमांडर तुम्हांला विचारतील, हिच्याबद्दल काय सांगायचंय. तेव्हा तुम्ही सांगा. नाही सांगितलंत तर मी सांगेन. मी दाराशीच उभी असेन."

आठ

पेशीला दहा मिनिटंही लागली नाहीत.

ओडालिस ताठ उभी होती. फोगल तिच्या शेजारी. कमांडरांनी आरोप वाचला आणि विचारलं, "सीनियर, काही सांगायचंय?"

फोगलनं एकदा दाराकडे पाहिलं. चीफ होती.

"बगळा मी पुसला, सर," तो म्हणाला. "रडर मी चेपला आणि मीच बदलला. हिचा काही संबंध नाही. आणि उद्या तीनशे उडवू नका."

पुढचं सगळं कमांडरांनी बसून ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग दोनदा बदलला. शेवटी त्यांनी ओडालिसचा आरोपपत्राचा कागद उभा फाडला, तिची माफी मागितली, आणि तिची नेमणूक कायम आहे असं स्पष्ट शब्दांत सांगितलं. फोगलला म्हणाले, "तुमचं नंतर बघू. आत्ता मला तुमच्याकडे बघवत नाही."

बाहेरच्या बोळात ओडालिस भिंतीला टेकली आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू तिला एकदम फुटलं. रडता रडताच ती हसत होती.

"मला माहीत होतं," ती फोगलला म्हणाली. "खेचर बघितलं तेव्हाच कळलं, हे तुमचंच काम. म्हटलं, काहीतरी अडचण असेल, पण पेशीपर्यंत सीनियर बोलतीलच. सकाळपासून तुमचीच वाट बघत होते."

फोगलनं चीफकडे पाहिलं. चीफ भिंतीवरच्या नळांकडे बघत राहिली. आधी कुणाला काय कळलं आणि कुणी कुणाला काय बजावलं, हे तिच्या अहवालात लिहावं लागणार नव्हतं. ओडालिसचा समज तसाच ठेवायला फोगलला नुसतं गप्प राहायचं होतं, आणि दोन दिवसांत ते त्याला चांगलं जमलंही होतं.

त्यानं सदऱ्याच्या खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढला.

"चीफला आधीच सापडलं होतं, ओडालिस," तो म्हणाला. "मी वाचणार होतो ते हे."

तिनं डोळे पुसले आणि कागद उलगडला. त्याच्या सुबक, रंगाऱ्याच्या अक्षरात चार ओळी होत्या. मुलगी मनानं वाईट नाही, तिच्या हातात कला आहे. घरच्या ओढीनं, रागाच्या भरात तिच्या हातून ही चूक झाली. साहेबांनी ती पोटात घालावी आणि शिक्षा शक्य तितकी कमी करावी, ही विनंती.

ओडालिसनं तो दोनदा वाचला. मग होत्या त्याच घड्यांवर परत दुमडला, त्याच्या हातात दिला, आणि रंगखोलीकडे चालू लागली. फोगलनं तिला हाक मारली नाही.